गाठ न मारलेली शिवण

माझ्या डाव्या किडनीची वाट जन्मापासूनच अरुंद आहे, हे मला चाळिशीत कळलं. तोवर कूस दुखली की पोटाला ओढणी आवळायची आणि मशीन चालवत राहायची. चंद्रपुरात आमचं शिवणकामाचं दुकान. शेरवानीचं हातकाम भाईजानचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. बाकी सगळं माझं. नवरा गेल्यावर ती मशीनच माझं घरदार झाली होती.

शहरात नवीनच आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, अरुंद तुकडा कापायचा आणि दोन्ही तोंडं परत जोडायची, तेही दुर्बिणीनं, तीन भोकांतून. कुशीत वीतभर चीर दिली तर कित्येक महिने मशीनवर वाकता येणार नाही. मी तिथंच हो म्हटलं. पण भोकातून लांब चिमट्यांनी गाठी मारत बसायला फार वेळ लागतो, म्हणून ते दोऱ्याच्या टोकाला गाठीऐवजी बारकी क्लिप दाबून बसवणार होते. तीही पुढे विरघळून जाणारी.

हे ऐकून भाईजानचं डोकंच फिरलं. हाताचा टाका तोच टाका, बाकी सगळा जुगाड, असं त्यांचं मत. दुसऱ्या दिवशी शेरवानीच्या सगळ्यात भारी रेशमाचं रीळ घेऊन ते थेट दवाखान्यात. डॉक्टरांना म्हणाले, हे घ्या, जन्मभर सडत नाही, आणि गाठ हातानं मारा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. लघवीच्या वाटेत न विरघळणारं काही राहिलं, मग तो दोरा असो की धातू, की त्यावर खडा चढतो, म्हणाले. आमच्या धंद्यात विरणारा दोरा म्हणजे शिवी. इथं तोच चांगला, जो काम झालं की नाहीसा होतो! भाईजाननी रीळ खिशात टाकलं, पण घरी येईस्तोवर त्यांचं सुरूच होतं, की बिनगाठीची शिवण उसवते म्हणजे उसवतेच.

शेवटी मी म्हटलं, "मशीनच्या शिवणीले गाठ कुठी असते, भाईजान? मागंपुढं चालवून पक्की करतो नं आपण?"

तू फार शहाणी झालीस, म्हणाले. झालेच होते, त्यात काय खोटं.

ऑपरेशन झालं. आतलं पाणी निचरायला कुशीत एक नळी ठेवली होती; तिसऱ्या दिवशी तिच्या पिशवीत लघवी दिसली, जी तिथं यायलाच नको होती. भाईजाननी ती पाहिली आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले, उसवलं. त्याच दवाखान्यातले एक जुने सर्जन पोट उघडून हातानं शिवून द्यायला तयार होते. भाईजान त्यांच्याकडून संमतीचा कागदच घेऊन आले. माझ्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. जोडाच्या आतून एक नळी टाकलेली आहे, खालची लघवीची नळीही राहू देऊ, म्हणजे जोडावर जोर येणार नाही. दोन दिवस वाट पाहू. तरी गळणं थांबलं नाही तर मात्र उघडावं लागेल.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. माझा निर्णय चुकला तर किडनी जाणार, मशीन जाणार, आणि वर जन्मभर "सांगितलं होतं" ऐकत बसावं लागणार. खरं सांगते, त्या शेवटच्याचाच धसका जास्त होता.

भाईजाननी कागद पुढं केला, वर पेन ठेवलं. मी पेन बाजूला सारलं.

"पोट माहं आहे. मी सही नाई करत."

ते गेले. पुढचे दोन दिवस ते यायचे, डबा ठेवायचे, पिशवीकडं बघायचे आणि निघून जायचे. मीही हट्टानं भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. ते गेले की मात्र पिशवी उजेडाकडं धरून बघायची आणि रडायची. पहिल्या दिवशी फरक नाही. दुसऱ्या दिवशी थोडी कमी वाटली, पण माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. त्यानंतरच्या सकाळी पिशवी कोरडी होती. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि म्हणाले, जोड धरला.

दुपारी भाईजान आले. चष्मा लावून, वाकून त्यांनी पिशवी पाहिली. डबा हातातच होता. म्हणाले, "नशीब तुहं."

"नशीब नाई, भाईजान," मी म्हटलं. "शिवण."