पाऊण तासाचे बावीस सेकंद

आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला कुणी नावानं हाक मारत नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला तो "हलू नका" म्हणतो, म्हणून त्याचं नाव पडलं हलूनका. दाढी करताना आरशातल्या स्वतःलाही त्यानं एकदा तसं बजावलं होतं, असं शेजारचा शिंपी शपथेवर सांगतो. आता शिंप्याची शपथ म्हणजे मापात दोन बोटं जास्तच असायची, तेवढं सोडून द्या.

खाली दुकान, वर घर आणि घराच्या मागे दरीवर निघालेली लाकडी गॅलरी. बायको होती तोवर दुकानाची निम्मी बाजू तिच्याकडे होती. गिऱ्हाइकाची कॉलर सारखी करायची, हनुवटी बोटानं वर उचलायची, फोटो कापून पाकिटात घालायचे. ती गेल्यापासून गावातल्या निम्म्या ओळखपत्रांवरच्या कॉलरी वाकड्या आहेत. "गेली" म्हणजे भलतं काही मनात आणू नका. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली. त्याला आता अडीच वर्षं झाली.

पाऊस सरला की मोजून आठ-दहा संध्याकाळी दरीत एक गंमत होते. खालून धुकं चढतं, डोंगराच्या खांद्याशी येऊन थबकतं आणि मावळता सूर्य त्याच्या पोटात शिरतो. मग अख्खी दरी आतून दिवा लावल्यासारखी पेटते. बायको तीस वर्षं ते बघायला गॅलरीत धावायची आणि जिन्यावरून ओरडायची, "अहो, या ना लवकर!" हा खालून म्हणायचा, "गिऱ्हाईक आहे." खोटं नव्हतं ते. ऑफिसं सुटली की पासपोर्टवाल्यांची झुंबड उडायची. पण तीस वर्षांत एकदाही दुकान रिकामं नव्हतं, असं कसं होईल?

ती गेल्यावर मात्र त्याला ते धुकं आठवायला लागलं. मग त्यानं ठरवलं, की हे तिला पाठवायचं. साधा फोटो नाही. तिपाईवर कॅमेरा लावून दर पाच सेकंदांनी एक फोटो घ्यायचा आणि सगळे जोडून पळवायचे, म्हणजे दरीतलं धुकं उतू जाणाऱ्या दुधासारखं वर येताना दिसतं. दोन मोसम झाले, पण जमेना. कधी धुकं इतकं आलं की तिपाईसुद्धा दिसेना, कधी सूर्यानं दगा दिला, तर एकदा भिंगावर माशी बसली आणि डोंगरावर म्हैस चरत असल्यासारखं दिसलं.

"वहिनींना धुकं कसलं पाठवतोस?" शिंपी म्हणाला. "तिकीट पाठव."

"तू बटणं लाव," हलूनका म्हणाला.

यंदा गोष्ट गळ्याशी आली. बुधवारी बायकोचा फोन आला. "लेक म्हणतेय, आता कायमचीच इथं राहा. रविवारपर्यंत सांगते म्हटलंय मी. तुमचं काय म्हणणं आहे?"

"ये" हा केवढासा शब्द! पण या गृहस्थाच्या तोंडून निघालं, "तुझं तू बघ." फोन ठेवल्यावर दुकानात एक बाई फोटोला बसल्या होत्या. त्यांचे सहा फोटो काढले, सहाही धूसर आले. हलल्या बाई नव्हत्या.

शुक्रवारी संध्याकाळी धुकं चढायला लागलं, तसा यानं कॅमेरा लावला. सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात गॅलरीच्या पुढच्या टोकाला वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फडफडून चौकटीत यायला लागली. हा दबकत पुढे गेला, चादर ओढली, बोळा करून छातीशी धरला आणि परत फिरला, तर समोरची भिंत केशरी! म्हणजे पाठीमागे दरी पेटली होती.

त्या गॅलरीच्या फळ्या मांजर चाललं तरी थरथरतात. एक पाऊल टाकलं असतं तर तिपाई हलली असती आणि दोन वर्षांची खटपट पाण्यात गेली असती. हा होता तिथंच उभा राहिला. चादर छातीशी, दरीकडे पाठ, तोंड कॅमेऱ्याकडे, असा पाऊण तास. भिंतीवरचा रंग विझला तेव्हा पाय सोडवले.

पाऊण तासाचे बावीस सेकंद झाले. धुकं सोन्यासारखं उसळतंय आणि ऐन मधोमध हा, काळाकुट्ट, बोळा घेऊन उभा.

शिंप्यानं दोनदा बघितलं. "धोबी छान आलाय."

"कापून टाकतो त्याला."

"मधला माणूस कापलास तर धुक्यात भोक पडेल. आणि परवा रविवार आहे, धुकं पुन्हा यायची वाट बघत बसणार आहेस का? पाठव तसंच."

पाठवलं. शनिवारी सकाळी फोन आला.

"बघितलं," बायको म्हणाली. "मधे ते काय आहे? पाण्याची टाकी?"

"मी आहे."

"कळलं हो. डावा खांदा पडलाय तुमचा, पिशवी वागवून वागवून. पण मधेच कशाला उभं राहायचं?"

"हललो असतो तर फळ्या हलल्या असत्या."

"पाय हलवला तर. मान वळवायला फळी लागते का? एवढं मागे पेटलं होतं आणि तुम्ही पाऊण तास त्या कॅमेऱ्याकडे बघत उभे? काय होतं त्यात बघण्यासारखं?"

हलूनकानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "त्यातून तू बघणार होतीस ना."

पलीकडे बाळानं काहीतरी पाडलं, कुणीतरी ओरडलं. ती फोनवरून हलली नाही.

"ये आता," तो म्हणाला. "मला करमत नाही."

"हे बुधवारी का नाही म्हणालात?"

"जीभ वळली नाही."

"बाळ शाळेत जाईपर्यंत मला नाही सोडता येणार इथून," ती म्हणाली. आवाज जरा ओला झाला होता. "अजून नऊ महिने. मग येते. लेकीला उद्या तसंच सांगते."

"नऊ."

"हो. जेवलात का?"

तो दुकानाच्या पायरीवर आला तेव्हा शिंपी सुई तोंडात धरून वाटच बघत होता. "काय म्हणाल्या वहिनी?"

"नऊ महिने म्हणाली."

"या वयात?"

हलूनका हसला. गल्लीनं अडीच वर्षांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे शिंप्याला तो आपला पराक्रम वाटला. पण ऑफिसं सुटायच्या वेळेला त्यानं दाराला फळी लावली, दोघा गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगितलं आणि वर गेला. कॅमेरा खालीच राहिला. दरी त्या दिवशी कोरडी ठणठणीत होती, तळातला धोंडान् धोंडा दिसत होता. धुक्याचं नाव नव्हतं. ती जिथं उभी राहायची तिथला कठडा हाताच्या घासण्यानं गुळगुळीत झाला होता. तीस वर्षांत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तिथं हात ठेवला आणि दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.