पंचशीलाताईंना नाही म्हणायचं कसं

आमच्या ग्रुपात अकरा पुरुष आणि एक बाई, आणि ग्रुप चालायचा तो बाईच्या जिवावर. पंचशीला सोनकांबळे, मुदखेडच्या. मी सिद्धेश्वर, लातूरचा. वयानं मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, तरी ताईच म्हणतो. माझ्या बायकोला याचं फार हसू येतं.

आम्ही बाराही जण एका सेवा संघाच्या केंद्रांत कामाला. संघ दुष्काळी गावांना टँकरनं पाणी पोचवायचा. प्रत्येक केंद्रात एक सर्व्हर, आणि त्यात गावांची यादी: कुठल्या गावाला कुठला टँकर, दिवसाला किती खेपा. हा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीनं बसवलं, दोन दिवस शिकवलं आणि मदतीसाठी एक फोन नंबर दिला. त्या नंबरावर सनई वाजायची. अर्धा तास सनई ऐकून माणूस फोन ठेवायचा आणि कपाळाला हात लावून बसायचा.

ताईही तशाच बसल्या असतील, पण एकच दिवस. त्यांनी सगळ्या केंद्रांचे नंबर मिळवले आणि मुखेडच्या बाजारादिवशी आम्हाला एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये बोलावलं. समोर दोनशे पानी वही. कोणाला काय अडचण आली, कोणी ती कशी सोडवली, सगळं त्या लिहून घ्यायच्या आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाकायच्या. वर्षभरात कंपनीच्या सनईची गरज उरली नाही. वडील रेल्वेत गँगमन होते त्यांचे. नट आवळलाय असं कोणी सांगितलं तरी निवृत्तीबाबा स्वतः रुळावरून चालत जायचे आणि हातोडीनं ठोकून बघायचे. ताई हे नेहमी सांगायच्या, आणि आम्ही माना डोलवायचो.

मग सोळा सालचा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. सर्व्हरच्या खोलीत कूलर होता, पण कूलरात ओतायला पाणी कुठलं? म्हणून दुपारी बारा ते चार सर्व्हर बंद ठेवायचा, हा नियमही ताईंच्याच वहीतला. त्यातच नवा जिल्हा होणार अशी आवई उठली. तशी ती दरवर्षी उठते. पण या वर्षी संघाच्या वरच्या मंडळींना भलताच उत्साह आला. जिल्हा जाहीर व्हायच्या आत आपली यादी तयार पाहिजे, म्हणाले. कंपनीनं नव्या जिल्ह्याचं अपडेट धाडलं.

सकाळी नऊला ताईंचा मेसेज आला: आधी बॅकअप घ्या. म्हणजे यादीची एक प्रत वेगळी काढून ठेवा. घेतला की मला सांगा, मगच अपडेट.

पाच मिनिटांत अकरा उत्तरं. "झालं ताई." "हाव ताई." कोणाचे नुसते जोडलेले हात. मी "झालं" लिहिलं तेव्हा घरी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला फेस. आमच्याकडं मानाच्या माणसानं काम सांगितलं की आधी हो म्हणायचं, काम मागून होतं. नाही म्हणणं बरं दिसत नाही. मलाच नाही, कोणालाच.

दहाला ताईंनी अपडेट करायला सांगितलं. साडेदहाला देगलूरच्या मलप्पाचा त्यांना फोन आला, आणि त्यांनी मलाही फोनवर जोडून घेतलं.

"ताई, यादी गेली," मलप्पा एका दमात म्हणाला. "त्रेचाळीस गावं होती, सतराच दिसून राहिलीत."

"घाबरू नका मलप्पाभाऊ. बॅकअप लावा."





"बॅकअप न्हाई घेतला, ताई. तुम्ही सांगितलं म्हणून हाव म्हटलं. घेणारच होतो की."

अपडेटनं सीमेवरची सव्वीस गावं उचलून नव्या जिल्ह्यात टाकली होती. जो जिल्हा अजून जन्मलाच नव्हता त्यात. तिथं ना केंद्र, ना टँकर. मला वाटलं, ताई आता याला फाडून खाणार. मी तर शिव्या तोंडात घोळवून तयार होतो. पण त्या हळूच म्हणाल्या, "सिद्धेश्वरभाऊ, कंपनीच्या साहेबानं काल मला विचारलं होतं, आधी मुदखेडला करून बघितलं का म्हणून. मी लिहिलं, हो सर. न्हाई बघितलं मी."

हातोडीवाल्याची लेक, आणि तिनंही!

"बाकीच्यांना थांबवा आधी," मी म्हणालो. "थांबा म्हणून टाका ग्रुपवर."

"थांबा म्हटलं तर 'थांबलो ताई' म्हणतील, अन् करून मोकळे होतील. तुम्हाला ठाऊक न्हाई का आपली माणसं?"

खरं होतं. बाराला सर्व्हर बंद करायचे, म्हणून जो तो घाईत होता. कोणाचं बोट कुठल्या क्षणी बटणावर पडेल, सांगता येत नव्हतं. आणि यादी गेली की उद्या सकाळी टँकर भरून उभे राहणार आणि कुठं जायचं ते ड्रायव्हरला कोणी सांगणार नाही.

मग ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: "मी मुदखेडला करून न बघता कंपनीला हो म्हटलं. माझ्यामुळं देगलूरची सव्वीस गावं गेली. आता खरं सांगा, बॅकअप कोणी घेतलाय?"

एक मिनिट गेलं. दोन गेली. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा दिसत होत्या. मी फोनकडं बघत बसलो. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. शेवटी लिहिलं, "मी न्हाई घेतला." त्यावर मुखेडचा ज्ञानोबा, "मी पण न्हाई." मग एकामागून एक. बारा जणांत बॅकअप तिघांकडंच निघाला. पण अपडेट जागच्या जागी थांबलं.

देगलूरची यादी हातानं बांधली. दुपारीही सर्व्हर चालू राहावा म्हणून मलप्पानं त्याचं झाकण काढून दोन टेबलफॅन लावले, एकेका ड्रायव्हरला फोन करून गाव विचारलं, आणि ताईंनी मुदखेडात बसून भरलं. संध्याकाळपर्यंत पंचवीस गावं लागली. सव्विसावं कोणाला आठवेना. तिकडं जाणारा ड्रायव्हर लग्नाला गेला होता आणि त्याचा फोन बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंना फोन आला. पांगऱ्याच्या वाडीच्या साखराबाई. देगलूरहून नंबर मिळाला होता. आवाजात राग नव्हता.

"लेकी, आज पाणी न्हाई आलं. आमच्या वाडीचं काही चुकलं का?"

टँकर अंधार पडायच्या आत गेला. पण हे मला सांगताना ताई रडल्या. मी ऊन फार आहे म्हणालो.

जिल्हा काही झाला नाही. ताईंनी मात्र नव्या वहीचं पहिलं पान भरलं. वर साखराबाईंचा प्रश्न जसाच्या तसा, खाली एकच नियम: काम झालं नसेल तर न्हाई लिहा, कोणी रागावणार नाही. फोटो ग्रुपवर आला. आम्ही सवयीनं अकरा हात जोडले, आणि ताईंनी नक्कीच कपाळाला हात लावला असेल.

पुढचं अपडेट जूनमध्ये आलं. सकाळी नऊलाच मेसेज: बॅकअप घेतला का? मग मलप्पाचं उत्तर आलं.

"न्हाई घेतला, ताई. अर्धा तास द्या."

मी घरीच होतो. "झालं ताई" लिहून तयार होतं, बोट पाठवायच्या बटणावर. पुसलं. "न्हाई" लिहिलं, चप्पल घातली आणि केंद्राकडं निघालो.