झाकलेले पाते

कुठे थांबावे हे कळण्याची विद्या ग्रंथांतून येत नाही. ती हातात उतरते, आणि तीही फार थोड्या हातांत. धातूतून किती काढावे याहून किती राखावे हे ज्याला उमगले होते, असा आमच्या सरोवराकाठी एकच माणूस होता, हॉलिस टॅकेट. पण मर्यादा लोकरीतीचीही असते. तीही त्याने निष्ठेने पाळली, आणि तीच त्याला भोवली.

मिसूरीतल्या या धरणाच्या पाण्यावर उन्हाळा सरता सरता वेगवान नावांची शर्यत भरते. नावा एकेकट्या धावतात आणि प्रत्येकीचा वेग मोजला जातो. इंजिन नावेच्या पोटात असते; मागून धातूचा एक पाय पाण्यात उतरतो, त्याच्या तळाशी पंखा. या पायाचा खालचा भाग, म्हणजे लोअर युनिट, हेच हॉलिसचे क्षेत्र. कारखान्यातून तो बोथट नाकाचा येतो. ताशी नव्वद मैलांच्या पुढे त्या नाकाभोवतीचे पाणी फाटते आणि पंख्याची पकड सुटते. हॉलिस त्यावर निमुळती नासिका जोडी. इंजिन गार ठेवणारे पाणी शिरण्याची भोके तो तिच्या तळाशी पाडी, म्हणजे सारा पाय दोन बोटे वर उचलता येई आणि पाण्याचा अडसर घटे. शेवटची कानस तो डोळे मिटून फिरवी. मात्र पंख्याखाली माशाच्या परासारखे जे उभे पाते असते, त्याला तो केवळ धार लावी. त्याची लांबी त्याने कधी घटवली नाही. नाव सरळ राखते ते तेच, असे तो म्हणे.

त्याच्या धाकट्या बहिणीचा, लोरेनाचा, नवरा डेन्झिल प्रुएट. वय एकसष्ट. हा त्याचा शेवटचा हंगाम होता. आदल्या वर्षी तो अठ्ठ्याण्णव मैलांवर अडला होता. भावाच्या हातची नाव माणसाला परत आणते, एवढ्याच भरवशावर लोरेना त्याला पाण्यावर जाऊ देई.

"दीड इंच काप, हॉलिस. फक्त दीड," डेन्झिल म्हणाला.

"वेग उतरताना नावेची शेपूट कोण धरणार? तुझा सासरा?"

"तुझी कानस म्हातारी झाली, तुझ्यासारखी."

"म्हणूनच अजून शाबूत आहे."

डेन्झिल हसला आणि नाव घरी घेऊन गेला.

शर्यतीच्या सकाळी नावा आपापल्या गाड्यांवर ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येक लोअर युनिटवर टॉवेल टाकलेला असतो. आपली घडण दुसऱ्याने पाहू नये, ही त्यामागची रीत. परक्याचा टॉवेल उचलणे म्हणजे चारचौघांत त्याच्या खिशात हात घालणे. डेन्झिलचा हिरवा टॉवेल मुळात तोकडा. त्याच्याखालून पात्याचे टोक दोन बोटे डोकावे, हे हॉलिस कित्येक वर्षे पाहत आला होता. त्या सकाळी ते डोकावत नव्हते.

कॉफीचा पेला हातात धरून तो डेन्झिलजवळ गेला.

"टॉवेल नवा घेतलास?"

"तोच आहे," डेन्झिल म्हणाला आणि पाण्याकडे पाहू लागला.

एवढ्यात लोरेना सर्वांसाठी डब्यातून न्याहारी घेऊन आली. दरवर्षीप्रमाणे तिने भावाला विचारले, "सगळं ठीक आहे ना, दादा?"

दोन्ही बाजूंना माणसे होती. हॉलिसची नजर टॉवेलावर खिळली होती.

"ठीक आहे," तो म्हणाला.

नाव एकशे तीन मैलांनी धावली. काठावर टाळ्या सुरू असतानाच डेन्झिलने वेग उतरवला. नावेचा मागचा भाग फिरून पुढे आला, नाव आडवी झाली, आणि दोनदा उलटली. डेन्झिल हाती लागला तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता.

तिसऱ्या दिवशी नाव वर काढली. हॉलिसने स्वतः मोजले. पाते दोन इंच कापलेले होते, आणि कापलेली कड इतक्या सफाईने घासली होती की ती त्याच्याच हातची वाटावी. डेन्झिल वर्षानुवर्षे त्याच्या शेडमध्ये बसून पाहत आला होता. शिकला होता, थांबणे तेवढे सोडून.

तिथून तो सरळ लोरेनाच्या स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "मला दिसलं होतं."

ती भांडी पुसत होती. हातातले भांडे खाली ठेवून म्हणाली, "फडकं होतं रे ते. एक फडकं."

त्यानंतर अकरा वर्षे ती त्याच्या दारी आली नाही. त्याने पुन्हा नासिका घडवली नाही. लोक मोडकी, कापलेली पाती आणत, ती तो मूळ लांबीची करून देई. शर्यतीच्या सकाळी तो काठावर फिरकत नसे. गेल्या फेब्रुवारीत तो वारला.

त्याच्या मागे पूर्ण लांबीच्या पात्यांच्या काही नावा राहिल्या, एक झिजलेली कानस राहिली, आणि लोरेनाने अंत्यविधीच्या दिवशी शेडच्या खिळ्यावर आणून टांगलेला हिरवा टॉवेल. शर्यतीच्या सकाळी लोअर युनिटे अजूनही झाकलेली असतात.