राहू दिलेला जोड

वायरमन काका दुरुस्तीला आले की आधी घर अंधारं करायला लावायचे. भरदुपारी खिडक्या लावा, पडदे ओढा, दिवे घालवा, आणि कोणी जागचं हलायचं नाही. मग बोर्डाच्या फटीला डोळा लावून ते गप्प बसून राहायचे. आम्ही घामाघूम. "उजेडात साऱ्या तारा सारख्याच दिसते बाप्पा," ते म्हणायचे. "कुठं ठिणगी उडून राहिली ते अंधारातच समजते." मला त्या वेळी हे निव्वळ नाटक वाटायचं.

पांढुर्ण्यातल्या आमच्या भागात निम्म्या घरांच्या तारा त्यांनीच ओढलेल्या, आणि कागदावर म्हणाल तर एक रेघ नाही. सगळं डोक्यात. रस्त्यात गाठून, कोणी विचारलेलं नसताना सांगायचे, "तुमच्या न्हाणीची तार चौकटीमागून गेली हाय, तिथं खिळा ठोकू नका." मी त्यांची शेजारीण, सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला ते 'मास्तरीण' म्हणत. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या स्वयंपाकघराची भिंत जुनी, मातीची. तिच्या आत तारेचा एक जोड होता, तो अधूनमधून तापायचा. सगळे म्हणाले, काढून टाका. काकांनी भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि मान हलवली. "जोड काढाले गेलो त भिंत पडते. राहू दे. मी पाहून राहीन." आणि खरंच, दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते यायचे. त्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दगडफेक चालते, गोटमार; अख्खं गाव ती पाहायला. काकांना दगडांचं वावडं. "ते तिकडं डोके फोडून राहिले, मी म्हटलं आपण जोड पाहून येऊ." उलटा हात भिंतीला लावायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "थंड हाय." मग चहा घेऊन जायचे.

एकदा याच माणसाने माझ्याकडे 'चमचा' मागितला. मी चमचा दिला तर चिडले. त्यांना पकड हवी होती. मला हसू आलं, त्याची आजही लाज वाटते. पुढे आठ-दहा दिवसांनी ते आमच्याच ओसरीत, स्वतः बसवलेल्या बोर्डासमोर उभे राहून विचारत होते, "हे कोणाचं घर हाय वं?" डोक्यात गाठ निघाली. कॅन्सरची.

त्यांना मूलबाळ नाही. काकूंनी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलून ठेवला आणि डॉक्टरांचं बोलणं समजून घ्यायचं काम माझ्या गळ्यात टाकलं, कारण मी सायन्सची बाई. नागपूरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. ऑपरेशनच्या आधी एक औषध प्यायला द्यायचं. ते गाठीत साठतं. मग कवटी उघडली की दिवे कमी करायचे, निळा उजेड टाकायचा. त्यात गाठ गुलाबी चमकते आणि चांगला मेंदू निळसरच राहतो. साध्या उजेडात दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. औषधानंतर मात्र पेशंटला दिवसभर तरी कडक उजेडापासून जपायचं.

मी मान डोलावत होते. आठवीला मी 'प्रकाश' हा धडा कितीदा शिकवला असेल, पण त्या खुर्चीत मला ओ की ठो कळत नव्हतं. काकू माझ्या कानाशी लागल्या, "अंधारात कापते म्हणते का हा?" काकांचा चेहरा मात्र खुलला होता. त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. "बराबर! आता कसं! अंधारातच!"

मग डॉक्टरांनी खरी अडचण सांगितली. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली. "गुलाबी कुठे आहे ते मला दिसेल. पण तिथलं सगळं काढलं तर यांचं बोलणं जाऊ शकतं. थोडं ठेवलं तर गाठ लवकर वाढेल. तुमचं काय म्हणणं आहे?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. काका शब्द शोधत राहिले, चमचा म्हणाले, पायरी म्हणाले, आणि मग एकदम म्हणाले, "भिंत नको पाडू. जोड राहू दे. मी पाहून राहीन."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. मी म्हटलं, "ते म्हणतात, बोलणं राहू द्या." काकूंनी मान हलवली आणि तसंच ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी शाळेला निघणार तेवढ्यात नागपूरहून काकूंचा फोन. "औषध पाजलं वं. घरचा मेन पाड."

"काकू, काका नागपुरात हायेत. घर पांढुर्ण्यात."

"तरी पाड. उजेड नको म्हणते न डॉक्टर."

आता मी काय, विज्ञानाची शिक्षिका. त्यांच्या घरी गेले आणि मेन स्विच पाडला. पाडल्यावर तिथेच, मीटरखाली उभी राहून रडले. शाळेत लेटमार्क बसला.

काकांना शुद्ध आल्यावर मी भेटायला गेले. खोली मंद, पडदे ओढलेले. त्यांना बोलता येतं की नाही, हे मला अजून माहीत नव्हतं. काकूंनी त्यांना मेनची हकीकत सांगितली. काकांनी छताच्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मेन पाडला, ठीक हाय. अन् इन्व्हर्टर?"

इन्व्हर्टर राहिलाच होता. मी इतकी हसले की नर्स धावत आली.

डॉक्टर म्हणाले, बोलण्याच्या जागेवर एवढंसं गुलाबी दिसत होतं, ते ठेवलं. काकांनी ऐकून घेतलं. "मग पाहत जा," एवढंच म्हणाले. पुढे ते तपासणीला न चुकता जायचे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न चुकता आमच्याकडे यायचे. त्यांना असे दोन पोळे मिळाले. दुसऱ्या खेपेला, ते चहा पीत असताना, मी धीर करून विचारलं, "काका, डॉक्टरांना तुम्ही जे म्हणाले होते, ते बोलण्याबद्दलच होतं न? का आमच्या भिंतीबद्दल?"

"काय म्हणलो होतो मी?" त्यांनी विचारलं. अगदी निरागसपणे.

मी विषय बदलला. त्या हिवाळ्यात गाठ वाढली, तिथूनच, जिथे ती ठेवली होती. काका गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत बोलत होते, काकूंना कोणाच्या घरातली तार कुठून गेली ते सांगत होते. काकू म्हणतात, तू बरं सांगितलं डॉक्टरला. मी हो म्हणते. पण मी त्यांचं म्हणणं सांगितलं की माझंच, हे मला आजही माहीत नाही. दिसण्याची सोय झाली म्हणून ठरवणं सोपं होतं, असं काही नाही.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव नदीकडे गेलं आणि काकू आमच्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या. सरळ स्वयंपाकघरात जाऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या. "पाह्य न वं," म्हणाल्या, "तो जोड."

मी काकांसारखाच उलटा हात भिंतीला लावला. डोळे मिटले. भिंत किंचित ऊबदार लागली. शेजारच्या गॅसने, की बाहेरच्या उन्हाने, की आतून, मला काही कळेना. मी हात तसाच ठेवून उभी राहिले.

"थंड हाय का?" काकूंनी विचारलं.

"हो काकू," मी म्हटलं. "थंड हाय."