हात तुझे, तोंड माझं

तेरा नंबरच्या वस्तीत एक म्हण आहे, ती आसपासच्या गवताळ स्टेपीत दुसरीकडे कुठे ऐकू यायची नाही. हात तुझे, तोंड माझं. नवरा शेगडीजवळ बसून हुकूम सोडत असला आणि बायको गोठ्यात राबत असली, की ती तिथूनच सुनावते, "चालू द्या, हात माझे, तोंड तुमचं." ही म्हण निघाली लेओकादियाच्या स्वयंपाकघरातून. अख्खी वस्ती तिला लोदाआत्या म्हणायची.

एकोणीसशे छत्तीस साली सरकारने हद्दपार केलेल्या या पोलिश आणि जर्मन लोकांना आगगाडीतून उतरवून गवतात आणून सोडलं, तेव्हा लोदा नऊ वर्षांची होती. गाव नव्हतं, विहीर नव्हती. एक खांब होता आणि त्यावर पाटी, तेरा. मातीची घरं पुढे बांधली, माणसं त्याआधी पुरली. फादर तर औषधालाही नव्हता. पंचावन्न साली सक्तमजुरीच्या छावणीतून सुटलेले एक म्हातारे फादर वाटेत एक सकाळ थांबले, तेवढंच. त्यांनी लोदाकडून सगळ्या प्रार्थना म्हणून घेतल्या आणि सांगितलं, "पोरी, आता बाप्तिस्मा तू द्यायचा. साधं पाणी चालतं. तीनदा ओतायचं आणि शब्द म्हणायचे." त्या दिवसापासून ते शब्द म्हणजे लोदाचा सातबारा. दुसऱ्याचं नाव त्यावर लागायचं नाही.

एकसष्टच्या हिवाळ्यात सामुदायिक शेतीच्या गोठ्यावरून परतताना ती बर्फवादळात सापडली. सापडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, गवताच्या गंजीत शिरलेली. जीव वाचला, पण दोन्ही हातांची मिळून चार बोटं उरली. त्यानंतरच्या पहिल्याच बाप्तिस्म्याला तिच्या हातून भांडं निसटलं आणि बाळासकट सगळे भिजले. लोक हसले. ते हसू तिला झोंबलं. तेव्हापासून पाणी धर्ममाता ओतायची आणि लोदा शब्द म्हणायची. एकदा युझेफा नावाची शेजारीण पाणी ओतता ओतता शब्दही पुटपुटू लागली, तर लोदा तिच्यावर खेकसली, "तू ओत. बोलायला मी आहे." आणि म्हण जन्मली.

बत्तीस वर्षं कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्र्याण्णव साली बंद पडलेल्या बालवाडीत प्रार्थनाघर झालं आणि पोलंडहून आलेले तरुण फादर बोनिफाती दर रविवारी साठ किलोमीटरवरून खडखडणाऱ्या मोटारीने येऊ लागले. आठवड्याला पुन्हा आकार आला. शनिवारी लोदा गोवऱ्या टाकून शेगडी पेटवायची, फरशी पुसायची, वेदीवरचा कपडा मनगटांनी दाबून सारखा करायची. रविवारी गाई कळपात सोडून बायका डोक्याला रुमाल बांधून यायच्या. डावीकडच्या दुसऱ्या बाकावर लोदा आणि तिच्या शेजारी फ्रान्या. चाळीस वर्षांची मैत्री, त्यातली निम्मी भांडणात गेलेली. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली की मागच्या खोलीत चहा आणि बटाटा भरून उकडलेल्या करंज्या.

अशाच एका रविवारी चहाला ट्रॅक्टरवाल्या आल्बिनने ती म्हण फादरांना सांगितली. रंगवून सांगितली, भांडं कसं निसटलं, कोण कसं भिजलं. सगळे खिदळले. फादरांचा पेला मात्र ओठांपर्यंत जाऊन थांबला. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे ओतणारी वेगळी आणि म्हणणारी वेगळी? दर वेळी?"

"दर वेळी," लोदा अभिमानाने म्हणाली.

लोक पांगल्यावर फादरांनी तिला थांबवून घेतलं. त्यांना सांगताना त्रास होत होता, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. जो 'मी तुला बाप्तिस्मा देतो' म्हणतो, त्याच्याच हातून पाणी पडावं लागतं. तसं झालं नसेल तर बाप्तिस्मा झालाच नाही असं धरावं लागतं. जे जिवंत आहेत त्यांना पुन्हा देता येईल. नावं हवीत.

लोदाला नावं पाठ होती. एकतीस. त्यातले पंधरा जर्मनीला आणि पोलंडला निघून गेलेले, त्यांना पत्रं जातील. नऊ वस्तीत. उरले सात.

"ते सात कुठे आहेत?" फादरांनी विचारलं.

"टेकाडावर," ती म्हणाली. वस्तीचं दफनस्थान टेकाडावर होतं.

सदुसष्टच्या गोवरात तीन आठवड्यांत सातही गेली होती. त्यांत लोदाची स्वतःची चार वर्षांची गाब्रिएला होती आणि फ्रान्याच्या जुळ्या होत्या, क्लारा आणि बेनिग्ना.

फादर म्हणाले, बाप्तिस्म्याविना स्वर्गाची खात्री देता येत नाही, पण देव आपल्या नियमांनी बांधलेला नाही. त्या लेकरांना आपण त्याच्या दयेवर सोपवू, आशा ठेवू.

"आशा," लोदा म्हणाली. "गहू पेरताना ठेवतो ती?"

फादरांनी नावांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, आयांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. ती म्हणाली, माझं तोंड होतं, मीच सांगेन.

आठवडाभर ती चिखल तुडवत दारोदार फिरली. आल्बिन तर उडालाच. "म्हणजे तीस वर्षं मी बिनबाप्तिस्म्याचा? मग लग्नही फुकट गेलं असेल. थांबा, बायकोला आनंदाची बातमी देतो." बायकोने आतून लाटणं दाखवलं. बाकीच्यांनी मान डोलावली, कोणी दार जरा जोरात लावलं. टेकाडावरच्या सातांपैकी चौघांच्या आया मरून गेल्या होत्या. गाब्रिएलाची आई लोदाच. उरली फक्त फ्रान्या, आणि फ्रान्याच्या दारावरून ती तीनदा तशीच पुढे गेली.

फ्रान्याला पुढे मूल झालं नाही. नवरा खाणीतल्या अपघातात गेला. तिच्याकडे म्हणून काय होतं, तर रोज जपमाळ झाल्यावर ती खिडकीतून टेकाडाकडे बघायची आणि म्हणायची, माझ्या दोघी वर आहेत, मला जागा धरून ठेवतील. बसमध्ये धरतात तशी.

रविवारी नऊ जण वेदीपुढे उभे राहिले, मोठी झालेली माणसं, कुणाला टक्कल पडू लागलेलं, हात मागे बांधलेले. फादर प्रत्येकाच्या डोक्यावर पाणी ओतत होते, शब्द म्हणत होते. फ्रान्या बाकावर बसून बोटांवर मोजत कोण कुठल्या सालचा ते जुळवत होती. पाचवा चौसष्टचा निघाला, तशी तिची बोटं थांबली.

"लोदा," ती समोर बघतच म्हणाली, "माझ्या दोघी चौसष्टच्या."

वस्तीत बाळंतिणीने बाप्तिस्म्याला यायचं नसतं, ती घरी पडून असते; लोदाचं तेवढं वेगळं, बाप्तिस्मे तिच्याच घरात व्हायचे. फ्रान्याने काही पाहिलं नव्हतं. पाणी ओतलं होतं युझेफाने आणि युझेफाला जाऊन आठ वर्षं झाली होती.

"तुझ्या दोघींना मीच ओतलं," लोदा म्हणाली. "युझेफाला ताप होता. दोन तळव्यांत भांडं धरून ओतलं."

"सांडलं नाही?"

"थोडं सांडलं."

फ्रान्याने श्वास सोडला. "मग गाब्रिएलाला का नाही गं ओतलंस तसं?"

याचं उत्तर लोदाने तयार ठेवलं नव्हतं. ती म्हणाली, "सुचलं नाही."

हे खरं होतं. भांडं तळव्यांत धरता आलं असतं. आणि तेही नाही, तर युझेफाला शब्द म्हणू देता आले असते. दोन्ही वाटा तीस वर्षं समोर होत्या.

त्या रविवारपासून लोदा वेदीपाशी ख्रिस्तशरीराचा प्रसाद घ्यायला उठेनाशी झाली. कबूल न केलेलं पाप मनात ठेवून तो घ्यायचा नसतो. लोक म्हणाले, गुडघे गेले. फादर बाकापर्यंत आणून देतो म्हणाले, तिने मान हलवली. एका शनिवारी शेगडीत गोवऱ्या टाकताना तिने फ्रान्याशी बोललेलं खोटं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, रीतसर पापकबुली द्या, पश्चात्ताप करा, क्षमा आहे.

"पश्चात्ताप होत नाही, फादर. झाला असं खोटं कसं सांगू, होतच नाही. फ्रान्याने आज विचारलं तर आजही तेच सांगेन."

"मग मला क्षमा देता येत नाही, आजी."

"माहीत आहे. मीच शिकवलंय पोरांना." आणि तिने शेगडीचं दार लावलं.

पाच वर्षं ती अशी बसून राहिली. रांग पुढे सरकायची, फ्रान्या जाऊन यायची, डोळे मिटून शेजारी टेकायची, आणि लोदा तिला सरकून जागा द्यायची. फ्रान्या आधी गेली तर पुढचं बघू, असं तिच्या मनात असावं. पण फ्रान्या दगडासारखी ठणठणीत.

फेब्रुवारीच्या वादळात लोदाच गेली. फादरांची मोटार दोन दिवस वाटेत अडकली. शेवटच्या प्रार्थना फ्रान्याने म्हटल्या, जुन्या दिवसांसारख्या. लोदा अधूनमधून विचारायची, रस्ता खुला झाला का. काय सांगायचं होतं ते फ्रान्याला कळलं नाही.

जमीन फोडायला आल्बिनला टायर जाळावे लागले. फादर पोचले, तेव्हा शवपेटी खड्ड्याशी होती. फ्रान्या सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "फादर, तुमच्या बाप्तिस्म्याच्या वहीत माझ्या दोघींची नावं चढवा. त्यांचं पुन्हा करायला नको. त्यांना लोदाने स्वतःच्या हातांनी ओतलंय."

लोक फादरांकडे बघत होते. त्यांनी वही काढली. थंडीने पेन उठेना, तेव्हा ते तोंडात धरून ऊब दिली. क्लारा लिहिलं, बेनिग्ना लिहिलं. बाप्तिस्मा कोणी दिला त्या रकान्यापाशी पेन बराच वेळ टेकून राहिलं. मग रकाना कोराच ठेवून त्यांनी वही मिटली.

"लिहिलंत?" फ्रान्याने विचारलं.

"लिहिलं," फादर म्हणाले.

पुढच्या रविवारी मिस्साआधी ते वेदीपुढे नुसतेच उभे राहिले; ते 'लिहिलं' त्यांनी अजून कोणापाशी कबूल केलं नव्हतं. दुसऱ्या बाकावर फ्रान्या एकटी होती. शेजारची जागा तिने रुमाल टाकून धरून ठेवली होती.