गेम चालू असताना उठायचं नाही

"एनय्या मार्कर, नीनु इल्ली?"

काय रे मार्कर, तू इथे? क्लबचे सेक्रेटरी आमच्या खुर्च्यांपाशी येऊन असं म्हणाले. कन्नडमध्येही वडीलधाऱ्या माणसाशी बोलायची रीत आहे, मानाचे शब्द आहेत. सेक्रेटरी अप्पांपेक्षा वयाने लहान. पण अप्पांसाठी त्यांच्याकडे एवढंच होतं. बोलले मात्र हसून, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून. आणि अप्पा उठले.

कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. तिकिटं आमच्या खिशात होती. तरी उठले. माझेही गुडघे खुर्चीतून थोडे वर आले होते, ते मी दाबून खाली बसवले.

अप्पा माझे वडील. कॅन्टोन्मेंटच्या बाजूच्या या जुन्या क्लबात ते आयुष्यभर मार्कर होते. मार्कर म्हणजे मेंबरांशी टेनिस खेळणारा नोकर. मेंबरच्या रॅकेटवर अलगद चेंडू द्यायचा. त्याला पळवायचं, पण दमवायचं नाही. शेवटी आपण हरायचं. रोज सकाळ-संध्याकाळ हरायचं, त्याचाच पगार. मधल्या वेळात कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा. कोर्टाभोवती वेताच्या खुर्च्या असत, त्या मेंबरांच्या. मार्करने बसायचं ते रोलरला टेकून, जमिनीवर.

दुपारी मेंबर जेवून झोपले की अप्पा मला खेळवायचे. मेंबरचं एखादं पोर रॅकेट घेऊन आलं की आम्ही कोर्टाबाहेर. चेंडू हवेत असला तरी. एकदा मी चिडून तोच चेंडू त्या पोराच्या अंगावर मारला. अप्पांनी तिथेच, त्याच्यासमोर, माझ्या थोबाडीत ठेवून दिली. मग क्लबने दिलेल्या आमच्या क्वार्टरमध्ये येऊन माझ्याआधी तेच रडले. मी गाल धरून त्यांच्याकडे बघत बसले होते.

आता क्वार्टर नाही. अप्पा निवृत्त झाले तशी ती गेली. आम्ही बनशंकरी भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. धाकटा भाऊ त्याच क्लबात मार्कर लागलाय. अप्पांना काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला, डावाही जाऊ लागलाय. जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यातून येताना अप्पा म्हणाले, "एक मॅच बघायची होती गे. खुर्चीत बसून. आपल्याच कोर्टावर. पयल्यापासून शेवटपर्यंत." दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलेलं मला आठवत नाही.

म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना घेऊन गेले. क्लबात पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा होती. वरच्या फळीची नव्हे, तिच्या खालची. टीव्हीवर दिसणारं कुणी नसतं इथे. वर जाण्यासाठी धडपडणारी नाहीतर वरून घसरलेली माणसं. कुणाबरोबर कोच नाही, स्वतःची बॅग स्वतः उचलतात. अप्पांना ते फार आवडले. "हे आपल्यातले," ते मला म्हणाले. "पोटासाठी खेळतात."

अप्पा पाठ टेकून बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या डोळ्याला मॅच नीट दिसावी म्हणून मान थोडी वळवलेली. एक उंच परदेशी आणि एक आपल्याकडचा अशी मॅच होती. आपला हरत होता आणि अप्पा त्याच्यासाठी मांडीवर मूठ आपटत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मीही खूश होते, उगाच का लपवू.

खेळाडू बाजू बदलताना दोन घोट पाण्यासाठी बसतात, तेवढ्यात सेक्रेटरी आले. बरोबर कोट घातलेला एक पाहुणा.

"मोठे पाहुणे आहेत," सेक्रेटरी अप्पांना म्हणाले. "जागा उरली नाही. तू काय, घरचाच. कुठेही उभा राहशील."

"हौद्दु सार, हौद्दु सार," अप्पा म्हणाले. हो साहेब, हो साहेब. खिशातला रुमाल काढून त्यांनी खुर्ची पुसली. स्वतःची, आताच बसलेली खुर्ची.

"अप्पा, बसा. तिकीट आहे आपलं."

"अगे, गप. साहेब आलेत."

पाहुणा बसला. आणि पंचांनी विश्रांतीची वेळ संपल्याचं सांगितलं.

टेनिसमध्ये एक नियम आहे. गेम चालू असताना प्रेक्षकांनी उठायचं नाही, हलायचं नाही. सगळे बसल्याशिवाय सर्व्हिस होत नाही. तो नियम मेंबरलाही लागू, मंत्र्यालाही. सगळं स्टँड बसलं. सेक्रेटरी आपल्या जागी जाऊन बसले. उभे राहिले फक्त अप्पा. परदेशी खेळाडू चेंडू हातात धरून थांबला.

"सर," उंच खुर्चीवरून पंच माइकवर म्हणाले, "प्लीज सिट डाउन."

अप्पांनी मागे वळून पाहिलं. सर कोण, ते बघायला. त्या क्लबात त्यांना कुणी कधी सर म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा बसायला खुर्ची नव्हती.

"सर, प्लीज."

लोक माना वळवून बघू लागले. कुणीतरी हसलं. अप्पा गडबडले, आणि पाहुण्याच्या बुटांशी, पायरीवर, खाली बसले. तिथून त्यांना कोर्ट दिसत नव्हतं. समोर जाहिरातीचं कापड बांधलेलं होतं. तरी मान तशीच वळवून ते कापडाकडे बघत राहिले.

"थँक यू," पंच म्हणाले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. विचार वगैरे काही केला नाही. सर्व्हिससाठी परदेशी खेळाडूने चेंडू जमिनीवर टपटप केला आणि मी उभी राहिले.

तो थांबला.

"मॅडम, प्लीज सिट डाउन."

"ही खुर्ची माझ्या वडिलांची आहे," मी म्हणाले. मराठीत. मग कन्नडमध्ये. मग मला येतं तेवढ्या इंग्रजीत. "ते बसतील तेव्हा मी बसेन."

स्टँडमधून ओरडा सुरू झाला. बस खाली, मॅच थांबवू नको, बाहेर काढा हिला. पाहुणा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. उठला नाही. सेक्रेटरी धावत आले आणि माझ्याशी नाही, पायरीवरच्या अप्पांशी बोलले, "समजाव हिला. तुझा मुलगा इथेच आहे ना कामाला?"

अप्पांनी माझी ओढणी धरली. "बस, पुट्टी, बस पोरी. पाया पडतो तुझ्या. बस."

माझा बाप माझ्या पाया पडायला तयार होता. सेक्रेटरींसमोर मान वर करायला नव्हता. मी बसले नाही. शेवटी दोन गार्डनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. अप्पा मागून आले, वाटेत दोन्ही बाजूंच्या लोकांना हात जोडत. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा आत टाळ्या वाजल्या. मॅच पुन्हा सुरू झाली होती.

घरी आल्यावर अप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बघायचं होतं तेवढं बघू दिलं नाहीस." त्यांचा डोळा थांबणार नाही आणि ती मॅच परत होणार नाही.

दुसऱ्या दिवशी भावाला फाटकावरूनच परत पाठवलं. निरोप आला, बापलेकीने येऊन माफी मागावी, मग बघू. भाऊ म्हणाला, "अक्का, तू कोण झाशीची राणी? घरात तांदूळ तू आणणार?" आणेन, मी म्हणाले. त्याने ताट सरकवलं आणि निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

अप्पा माफी मागायला जायचं म्हणतात. शर्ट धुऊन वाळत घातलाय त्यांनी. मी सांगितलं, तुम्हाला अडवणार नाही. पण तुम्ही स्वतःसाठी मागा, माझ्या नावाने नको. माझ्या नावाने मागितलीत तर मी तिथे येऊन सगळ्यांसमोर ती परत घेईन.

रविवारी फायनल आहे. मी दोन तिकिटं काढली आहेत. अप्पा येणार नाहीत, मला माहीत आहे. फाटकावर मला ओळखतील, कदाचित आत सोडणार नाहीत. सोडलं नाही तर फाटकात उभी राहीन. सोडलं तर जाऊन माझ्या जागेवर बसेन. शेजारची खुर्ची अप्पांची. ती रिकामी राहील. तिच्यावर कुणी येऊन बसलं, तर सर्व्हिसच्या आधी मी उभी राहणार आहे.