शिजवलेले नंबर

आम्ही कारखान्यातले जुने लोक एखाद्या लग्नात भेटलो की नवरा-नवरी बाजूला राहतात. पंगतीत कोणीतरी हळूच विचारतं, "नंबरांचं आठवतंय का?" मग ताटातला भात गार होतो, पण किस्से संपत नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. महाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर आला. स्टोअरमधून पेट घेणारा माल काढायचा, तर ऑपरेटरने आधी आपला चार आकडी गुप्त नंबर टाकायचा. म्हणजे एकाच्या नावावर दुसऱ्याने माल काढायला नको.

प्रोग्रॅम लिहिला मी आणि दासगावच्या गायकवाडने. काळ्या पडद्यावर एक आज्ञा आणि पुढे माणसाचं नाव टाइप केलं की मशीन त्याच्यासाठी नंबर काढायचं आणि तो एकदाच दाखवायचं. फायलीत मात्र तो पार उलटापालटा होऊन बसायचा. गायकवाड सगळ्यांना समजावायचा, "भात शिजला. आता त्याचे तांदूळ करून दाखव." पुढच्या वेळी नंबर टाकला की मशीन तोही शिजवणार आणि दोन्ही भात जुळतात का एवढंच बघणार. मला त्या प्रोग्रॅमचा आजही अभिमान आहे.

*

पोलादपूरच्या तुकारामचा नंबर शून्याने सुरू झाला. कँटीनमध्ये दिवसभर कुरकुर करून तो आमच्याकडे आला. "बदलून द्या. कामाची सुरवातच शून्यानं?"

"शून्याचं काही नाही रे," गायकवाड म्हणाला. "पण पहिला आकडा अख्ख्या कँटीनला सांगितलास. आता बदलावाच लागेल."

*

आमच्याकडे शिफ्ट संपताना चार्ज द्यायची कडक शिस्त. कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठली टाकी किती भरली, सगळं पुढच्या माणसाला सांगितल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. पहिल्याच आठवड्यात महादूने व्हॉल्व्ह सांगितले, टाक्या सांगितल्या आणि त्याच दमात आपला नंबरही सांगून टाकला.

मी त्याला झापलं. तर मलाच म्हणतो, "चार्ज अर्धाच कसा देऊ? मागनं कायतरी झालं तर माझ्यावर येल."

तेव्हापासून प्रत्येक चार्जचं शेवटचं वाक्य ठरलं : "नंबर सोडून सगळं सांगितलं."

*

सव गावचे गणपतराव आजारपणाच्या रजेवरून आले ते नंबर विसरूनच.

"मशीननं दिला ना? मंग मशीनला म्हाईत हाय."

"नाही हो. तुम्ही सांगितलात तर खरा की खोटा, तेवढंच सांगेल."

गणपतरावांनी विचार केला. "म्हंजे आमच्या पोलीस पाटलासारखंच हाय, आपनहून काय सांगायचं न्हाई," म्हणाले आणि नवा नंबर घेऊन गेले.

*

एकदा मुंबईच्या ऑफिसातून मोठे साहेब आले. त्यांना सगळ्यांच्या नंबरांची यादी हवी होती. ती निघतच नाही म्हटल्यावर भडकले. "लिहिणारे तुम्ही, आणि तुम्हालाच वाचता येत नाही? मग काय उपयोग? हा कॉम्प्युटर उद्याच्या ट्रकने मुंबईला."

गायकवाडचा चेहरा उतरला. तो आधी गोडाउनमध्ये पोती मोजायचा. मशीन गेलं की परत तिथेच जाणार होता.

मी फाईल पडद्यावर उघडली. नुसता अक्षरांचा चिवडा. साहेबांनी सगळ्यात शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"तुमचाच, साहेब. सकाळी तुम्ही घेतलात तो."

"यात माझा नंबर कुठाय?"

"ते आम्हालाही माहीत नाही. तुम्ही सांगा, गायकवाड टाकेल. मशीनने ओळखला नाही तर ट्रकमध्ये मीच चढवून देतो."

खोली भरली होती. लॅबच्या नसीमबाई, दारात ऑपरेटरांची गर्दी. साहेबांनी तोंड उघडलं. मग गायकवाडकडे पाहिलं, नसीमबाईंकडे पाहिलं, दारातल्या गर्दीकडे पाहिलं. खुर्ची स्वतःच पुढे ओढली.

"तुम्ही सगळे जरा बाहेर उभे राहा," म्हणाले आणि दार आतून लावून घेतलं.